नाचणी खुडूक नव्हती

नाचणी खुडूक नव्हती. हे मी तेव्हाही बोंबलून सांगत होते आणि आजही सांगते. अण्णा भांडुपपासून कुडाळपर्यंत ज्याला त्याला काय वाटेल ते सांगत फिरोत. अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. वयाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. पण जे झालं ते माझ्या घरात झालं, आणि ते त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

नाचणी म्हणजे माझी कोंबडी. नाचणीच्या दाण्यासारखा तांबूस रंग, म्हणून नाचणी. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात तळमजल्यावर राहतो. मागच्या दाराला पत्रा मारून घेतलेली वीतभर जागा आहे, तिथे तुळस, वॉशिंग मशीन आणि ती. माझ्या भावाने गावाहून येताना चपलांच्या खोक्यातून हे पिल्लू आणलं, तेव्हा माझ्या लेकीचं, निधीचं नुकतंच लग्न होऊन ती नाशिकला गेली होती. आमचे हे, म्हणजे सहदेव, कंपनीतून रिटायर होऊन टीव्हीसमोर बसले होते ते उठायचं नाव घेत नव्हते. दिवसभर बोलायचं कोणाशी? मी नाचणीशी बोलायला लागले. मी तांदूळ निवडायला बसले की ती माझ्या मांडीला टेकून बसायची. मी कपडे वाळत घातले की खाली पायांत घोटाळायची. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. या घरात माझ्या मागेमागे फिरणारं तेवढंच एक होतं, आणि मला ती हवी होती.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी दाणे टाकले तर ती आली नाही. बघते तर आपल्या खोक्याच्या कोपऱ्यात उभी. बसलेली नव्हती, उभी होती. पाय फाकवून, अंग ताठ करून. मधूनच शेपटी वरखाली करून जोर लावायची आणि थकून थांबायची. तुरा फिकट पडलेला. मी तिच्या पोटाखाली हात घातला. आता माझ्या आईकडे खुराडंभर कोंबड्या होत्या, खुडूक म्हणजे काय ते मला शिकवायला नको. खुडूक कोंबडी अंड्यांवर ठाण मांडून बसते, पिसं फुलवते, गुरगुरते आणि हात नेलात तर टोचून काढते. नाचणीने नुसते डोळे मिटले.

आणि नेमके त्याच दिवशी अण्णा उगवले. ते महिन्यातून एकदा भावाला भेटायला येतात, म्हणजे जेवायला येतात. आल्या आल्या मागच्या दारी डोकावले.

"काय झाला गो तिका?"

"कळत नाही, अण्णा. खात नाही. सारखा जोर लावतेय."

"खुडूक बसली हा."

"बसलीय कुठे? उभी आहे ती."

"माका शिकवतंस? आमच्या आवशीन शंभर खुडूक कोंबड्यो सरळ केल्यान. थंड पाण्यात बुचकळून काढ, उद्या टुणटुणीत होतली."

आवस म्हणजे आमच्या सासूबाई. गावाकडे ही रीत आहे, मी नाही म्हणत नाही. खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते, मग तिला थंड पाण्यात बुचकळतात. कोणी नाकात पीस घालतात. अंगातली ऊब उतरली की ती उठते आणि पुन्हा अंडी घालायला लागते. पण ती खुडूक असेल तेव्हा ना! डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम चोळणारी माणसं ही. मी स्पष्ट सांगितलं, "अण्णा, तिला हात लावू नका. मी आधी निधीला विचारते." त्यावर अण्णा म्हणाले, "आधी चाय टाक."

चहा टाकला. पाणी उकळतंय न उकळतंय तोवर मागून बादलीचा आवाज आला. मी धावले. अण्णांनी नाचणीचे पंख धरून तिला मानेपर्यंत पाण्यात बुडवलेलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, सकाळचं, अंगावर घेतलं तर माणूस किंचाळेल असलं. आणि आमचे हे, ज्यांनी लग्न झाल्यापासून घरात एक बादली उचलली नाही, ते दोन्ही हातांनी बादली धरून उभे!

"सोडा तिला!" मी ओरडले आणि हिसकावूनच घेतली. भिजल्यावर कोंबडी केवढीशी होते हो. नुसती हाडं आणि थरथर. मी पदरात गुंडाळली तर पदर ओला झाला आणि ती तशीच थरथरत राहिली.

"आता बघ गंमत," अण्णा म्हणाले. मग हात पुसून आत गेले आणि चहाबरोबर खारी मागितली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता.

टॉवेलने पुसून तिला खोक्यात ठेवली. ऊब द्यायची तर बल्ब लावावा म्हटलं, तर घरात सगळे एलईडी. वीज वाचते म्हणून यांनीच हौसेने बदललेले. त्यांची ऊब झुरळालाही लागत नाही. शेवटी निधीचा जुना हेअर ड्रायर काढला आणि लांबून, बारीक हवेवर तिची पिसं वाळवली. एका हाताने ड्रायर, दुसऱ्या हाताने फोन. जनावरांचे डॉक्टर शोधत होते.

काय सांगू त्या डॉक्टरांचं! घाटकोपरच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त पेट्स बघतो." मी म्हटलं, "ही पेटच आहे." तर म्हणे पेट म्हणजे डॉग आणि कॅट. मुलुंडच्या एका दवाखान्याच्या जाहिरातीत पोपटाचा फोटो होता, म्हणून आशेने फोन केला. "पोपट बघतो, कोंबडी नाही." का? कोंबडीला काय चोच नाही की पंख नाहीत? "पक्ष्यांचे डॉक्टर मंगळवारी असतात, पण कोंबडीचं मी विचारून सांगते," असं म्हणाली ती, आणि अजून विचारतेच आहे. तिसरीकडे डॉक्टर स्वतः फोनवर आले. म्हणाले, "बाई, कोंबडी आजारी पडली की लोक काय करतात माहीत आहे ना?" आणि हसले. शिकलेला माणूस, जनावरांचा डॉक्टर, आणि एका जिवाच्या दुखण्यावर हसतो! मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग निधीला व्हिडिओ कॉल लावला. निधी शाळेत शिकवते, कोंबडीतलं तिला माझ्याहून कमी कळतं. पण माझी पोर माझं ऐकून घेते. नाचणी कशी उभी आहे, कशी जोर लावते, सगळं तिने ऐकलं, बघितलं, पाच मिनिटं मोबाइलवर वाचत बसली आणि म्हणाली, "आई, शेपटीच्या खाली हलकेच बोट टेकव. कडक लागतंय का?"

मी टेकवलं. आत कवच लागलं. सरळ अंड्याचं कवच.

"अंडं अडकलंय तिचं," निधी म्हणाली. "ती सकाळपासून अंडं घालायचा प्रयत्न करतेय आणि ते बाहेर येत नाहीये. तिला कोमट पाण्यात बसव, म्हणजे अंग सैल पडेल. आणि आई, थंडी अजिबात लागू देऊ नकोस. थंडीने सगळं आखडतं. आजच सुटलं नाही तर ती जगायची नाही."

म्हणजे कळा येत असलेल्या बाईला उचलून या दोघा भावांनी बर्फाच्या पाण्यात बुडवलं होतं! आणि वर खारी खाल्ली होती!

मी बाहेर जाऊन सांगितलं. वाटलं, जरा तरी शरमतील. अण्णा म्हणाले, "अंडा अडाकला? मग मरतलीच ती. मराच्या आधी कापून टाक. मेलेली कोंबडी कोण खाणार?"

हेही गावचंच. आपणहून मेलेली कोंबडी खात नाहीत, म्हणून आजारी दिसली की मरायच्या आधी सुरी. अण्णा लगेच चपला घालायला लागले. बाजारातल्या चिकनच्या दुकानातून माणूस घेऊन येतो म्हणाले, संध्याकाळी रस्सा. आणि आमचे हेही उठून चपला घालायला लागले.

"अहो, तुम्ही पण?"

"अगं, ती तशीही मरणार. हाल कशाला करायचे?"

हाल! सकाळी बादली कोणी धरली होती? पण उत्तर ऐकायला दोघं थांबले कुठे. बाजार काही लांब नाही. जाऊन, माणूस घेऊन परत येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच माझ्या हातात होता. मी पुढच्या दाराकडे वळले, तर दारात सुहासिनीबाई.

सुहासिनीबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून रिटायर झालेल्या, घरात अंडंसुद्धा आणू न देणाऱ्या. नाचणीच्या आवाजाची त्यांनी सेक्रेटरीकडे दोनदा तक्रार केली होती. आजही तोंड वाकडं करूनच आल्या होत्या. "मालनताई, सकाळपासून काय चाललंय तुमच्याकडे? ती कोंबडी, तो ड्रायर, आरडाओरडा..."

"मरतेय ती!" मी फटकन बोलले. "अंडं अडकलंय. हे लोक कापायला माणूस आणायला गेलेत. अजून काही तक्रार आहे?"

मला वाटलं आता वर जातील. तर म्हणाल्या, "पाणी तापवलंत का? किती कोमट पाहिजे?"

"बाळाला अंघोळ घालतो तेवढं."

"मी गरम पाण्याची पिशवी आणते. आणि माझ्या गुडघ्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, त्याचा काही उपयोग?"

निधी फोनवरून ओरडली, "आहे, आहे, आणा!"

मी कपडे भिजवायच्या टबात कोमट पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि नाचणीला पोटापर्यंत त्यात बसवली. धरायला सुहासिनीबाई. आयुष्यात कोंबडीला हात न लावलेली ती बाई, तोंड दुसरीकडे फिरवून "शी शी शी" म्हणत होती, पण हात असे धरले होते की जरा हलू दिली नाही. पाणी निवलं की मी गरम पाणी ओतत होते. बोटाला खोबरेल लावून बाहेरून हलकेच चोळत होते. पोट दाबायचं नाही, निधी पुन्हा पुन्हा बजावत होती, आत फुटलं तर संपलंच. गोळी कुटून पाण्यात कालवून चमच्याने चोचीच्या कडेला थेंब थेंब लावली. दोन थेंब गिळले तिने. तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

"दाराला कडी लावली का?" सुहासिनीबाईंनी विचारलं. मी उठून लावली.

आणि बरं झालं लावली. कारण थोड्याच वेळात बेल वाजली, मग दार वाजलं, मग अण्णांचा आवाज. "गो मालन, दार उघड! माणूस इलो हा!"

"नाही उघडणार!"

"अगं, लोक बघतायत," हा आमच्या यांचा आवाज. यांना नेहमी लोकांचं पडलेलं.

"बघू दे की! मी काय चोरी करतेय?"

पुन्हा दार बडवलं. मी टबापाशी, हात ओले. तेवढ्यात सुहासिनीबाईंनी मान वळवून असा आवाज लावला की खिडकीची काच हलली. "लंच टाइम आहे! थांबा बाहेर!" बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढली होती त्यांनी. दार बडवणं थांबलं.

नाचणीला पाण्यातून काढली, टॉवेलात घेतली, पोटाखाली गरम पिशवी ठेवली. माझ्या मांडीवरच होती. तिने मान ताणली. जोर लावला, थांबली. परत लावला. मी तिला सांगत होते, लाव बाई, लाव, अजून थोडा, मी आहे. मला कोणी असं म्हटलं नव्हतं माझ्या वेळी. निधीच्या वेळी मी ओरडले तर सासूबाई म्हणाल्या होत्या, नाटकं पुरे. म्हणून मी तिला सांगत राहिले. मग तिने एक आवाज काढला, तसा मी कधी ऐकला नव्हता, आणि अंडं माझ्या तळहातावर आलं. गरम. एका बाजूने चेपलेलं, खरखरीत, वर रक्ताची रेघ. नाचणीने माझ्या दंडावर मान टाकली आणि श्वास सोडला.

सुहासिनीबाई रडत होत्या. मीही रडत होते. फोनवर निधी रडत होती.

मी कडी काढली. अंडं तसंच हातावर घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, आता बघू काय तोंड दाखवतात. अण्णांनी अंडं बघितलं, आत वाकून नाचणी बघितली, आणि त्या दुकानातल्या माणसाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ! सांगलंय नाय? थंड पाण्यान खुडूक उतरली. दिल्यान अंडा!"

सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय? आम्ही इथे तासभर..." तर त्यांना म्हणतात, "वहिनी, तुम्ही शाकाहारी, तुमका ह्यातला काय कळणार?" आणि आमचे हे काय बोलले असतील? "अण्णाच्या हाताला गुण आहे." देवा शप्पथ, असंच म्हणाले. मी आत गेले आणि नाचणीजवळ बसले. यांना रात्री वरणभातच मिळाला.

त्यानंतर मी तिला सांभाळून सांभाळून उठवली. दहीभात, नाचणीच्या पिठाची पातळ पेज, वाटलेली अंड्याची टरफलं. आठवड्याने ती पुन्हा मांडीला टेकून बसायला लागली. तुरा लाल झाला. सुहासिनीबाई रोज खाली येऊन तिला बघून जायच्या, अजूनही नाक धरूनच. फक्त एक झालं, नाचणीने त्यानंतर अंडं घातलं नाही. आत काहीतरी दुखावलं असेल. निधी म्हणाली, होतं असं. मी म्हटलं, न का घालेना. जिवंत आहे ना, बस झालं.

इकडे अण्णांची कीर्ती वाढतच होती. गावाहून नणंदेचा फोन आला तर ती म्हणे, "अण्णाने तुझी कोंबडी वाचवली म्हणे?" दूधवाल्याला माहीत, सेक्रेटरीला माहीत. मी प्रत्येकाला खरं सांगायचे आणि प्रत्येकजण असं हसायचा, की असू दे गं, घरातल्या मोठ्या माणसाला मान द्यावा.

मग शिमग्याच्या आधीच्या रविवारी अण्णा जेवायला आले. वडे तळून वाढत होते मी. अण्णांनी मागच्या दारी बघितलं. नाचणी उन्हात पाय पसरून पडली होती.

"अंडी घालता काय?"

"नाही," मी म्हटलं.

"त्या दिवसापासून नाय?"

"नाही."

"मग ठेवलंस कित्याक?" वडा मोडता मोडता अण्णा म्हणाले. "फुकट खाता. अंडी देणा नाय, ती कोंबडी काय कामाची? शिमग्याक कापूया. काय रे सहदेवा?"

आमच्या यांच्या तोंडात घास होता. हे हसले. घास गिळून म्हणाले, "बघू."

माझ्या हातात वड्यांची परात होती. ती मी खाली ठेवली.

"अण्णा," मी म्हटलं, "माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. मीपण आता काही देत नाही. माझं काय करायचं ठरवलंय? शिमग्याला, की त्याच्या आधी?"

मोठ्या दिरासमोर असलं कोणी बोलतं का? आमच्या घरात तर तो शब्दही कोणी उच्चारलेला नाही. अण्णांच्या हातातला वडा हातातच राहिला. तोंड उघडं. यांचा चेहरा लालबुंद. "अगं, काय बोलतेस..."

"तुम्ही बोला आधी," मी यांच्याकडे वळले. "मघाशी 'बघू' म्हणालात ना? काय बघणार आहात ते सांगा. त्यांना नाही विचारत मी आता. तुम्हाला विचारते. तीस वर्षं या घरात जे जे अण्णा म्हणतील त्याला तुम्ही 'बघू' म्हणता आणि मग बादली धरून उभे राहता. आज सांगा."

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. यांनी ताटाकडे बघितलं, मग अण्णांकडे, मग मागच्या दाराकडे. नाचणी उठून उंबऱ्यापर्यंत आली होती, मी परात खाली ठेवली म्हणून काही सांडलंय का बघायला.

"कोंबडी कापायची नाही, अण्णा," हे पुटपुटले.

"मोठ्याने," मी म्हटलं.

"अगं..."

"मोठ्याने बोला. दूधवाल्याला, सेक्रेटरीला, गावाला, सगळ्यांना तुमचं दुसरं सगळं ऐकू जातं ना? हेही जाऊ दे."

यांनी ताटातून हात काढला. घसा खाकरला.

"कोंबडी कापायची नाही!" हे म्हणाले. खरंच मोठ्याने म्हणाले. "आणि अण्णा, ती खुडूक नव्हती. अंडं अडकलं होतं. मालनने सोडवलं. बादली मी धरली होती, ते चुकलं."

अण्णा अर्धवट जेवून उठले. मी त्यांना हात धुवायला पाणी दिलं, गरम.